समतोल आणि टाळ्यांचा आवाज

मंडळी, आधीच सांगून टाकतो, रसायनशास्त्र शिकवताना ॲनिमेशन वापरायला माझा विरोध नाही. एसएन२ अभिक्रियाच घ्या. एका बाजूने हायड्रॉक्साइड येतो, दुसऱ्या बाजूने ब्रोमाइड सुटतो आणि मधल्या कार्बनचे उरलेले तीन हात वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तसे उलटतात. वाल्डेनला हा उलटापालटीचा प्रकार १८९६ मध्ये सापडला. फळ्यावर आधीचं आणि नंतरचं चित्र काढता येतं, मधला क्षण काही केल्या दिसत नाही. स्लाइडवर तो पाच सेकंदांत दिसतो. मानलं!

पण समतोलाचं काय? बारावीतल्या भाच्याच्या क्लासची स्लाइड परवा पाहिली. तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणू दोन-दोन चिकटून रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड होतात, काही जोड्या सुटतात, मग 'समतोल' अशी पाटी गरगरत येते (सोबत टाळ्यांचा आवाज!) आणि सगळं थांबतं. अहो, काहीच थांबत नाही हीच तर खरी गंमत आहे ना! जोड्या जुळतच असतात, तुटतच असतात, फक्त दोन्हींचा वेग सारखा झालेला असतो. म्हणून तर बंद नळी गरम पाण्यात धरली की रंग गडद होतो आणि बर्फात फिका. पुस्तकातलं वाक्य बरोबरच असतं हो, पण पोरांच्या लक्षात राहतं ते डोळ्यांनी पाहिलेलं.

यात सरांचा दोष कमी, हत्याराचा जास्त. स्लाइडचं ॲनिमेशन म्हणजे टाइमलाइन. पहिल्या क्लिकला हा गोळा इकडे, दुसऱ्या क्लिकला तो तिकडे. रँडम असं काही नाहीच, प्रत्येक टक्कर यशस्वी! प्रत्यक्षात बहुतेक टकरी फुकट जातात, आणि ॲक्टिव्हेशन एनर्जी कशाशी खातात ते तिथेच कळतं. त्यासाठी सिम्युलेशन हवं, जिथे तापमान वाढवून काय होतं ते पोरांना स्वतः बघता येतं. कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पात अशी बरीच आहेत, तीही फुकट.

आणि स्लाइडच वापरायची असेल तर पुढच्या क्लिकआधी "आता काय होईल ते वहीत काढा" म्हणून दोन मिनिटं थांबावं. खडूने लिहिताना सर आपोआप थांबायचे, रिमोट हातात आला आणि ते गेलं. पोर्शन पुरा होत नाही ही अडचण खरी आहे. मग वीसातल्या पाच स्लाइड्स उडवाव्यात, टाळ्यांसकट.