यशाचे माप

वर्षअखेर जवळ आली की शाळाशाळांतून गुणवंतांचे सत्कार होतात. विशेष मुलांच्या शाळेतही नाच, खेळ, हस्तकलेचे प्रदर्शन असते. पाहुणे ‘बिचारी मुले’ म्हणून टाळ्या वाजवतात. ही दया मला पटत नाही. वर्षभर झटून स्वतःच्या हाताने सदऱ्याची गुंडी लावायला शिकणे, हे यश नव्हे काय? प्रत्येकाचे माप त्याच्या कालच्या दिवसाशीच घ्यावे.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण घरात प्रथमच कॉलेजची पायरी चढलो आहोत. आपल्या पास क्लासलाही घरी गूळ वाटतात, कारण आपण कोठून निघालो हे आईबापांना ठाऊक असते. मग हाच न्याय या मुलांना का नको?

मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या जय या लेकीसाठी शाळा काढली. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला; जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. पण सातपुड्याच्या पाड्यावरील आईला हे तिच्या पावरी बोलीत कोण सांगणार? ते काम धडगावच्या आपणा विद्यार्थ्यांचेच आहे.

आपल्या होळीत ढोल वाजला की पहिला कोण, हे कोणी विचारीत नाही. शाळेच्या अंगणातही तसेच व्हावे.