चहाच्या वेळची वजाबाकी

पेठ तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी अकरा वर्षे काढली. इयत्ता चार, शिक्षक दोघे. केंद्रातल्या दहा-बारा शाळांची दरमहा शिक्षण परिषद भरे, त्या दिवशी आमच्यातला एक जण सभेला जाई आणि दुसरा चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसे. सभेत गेलेल्या तासांची किंमत म्हणूनच मला नेमकी ठाऊक आहे.

सभेत व्हायचे काय? तक्ते, गणवेशाची मापे, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आणि 'माहिती आजच्या आज द्या'. आता तक्त्यांची जागा मोबाइलने घेतली, एवढेच. मग व्याख्यान. 'आनंददायी शिक्षण' या विषयावरचे व्याख्यान मी सतरंजीवर बसून, पाय बधिर होईतो ऐकलेले आहे.

तरी सभा बंद करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. एकदा चहाच्या वेळी शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारले, "हातच्याची वजाबाकी तुमच्या मुलांना जमते का हो?" माझे गाडे तिथेच अडले होते. बेचाळीसातून सतरा वजा करताना 'दोनातून सात जात नाहीत, शेजारून उसने घ्या' असे मी सांगे. त्यावर एका मुलाने विचारले होते, "बाई, मग ते परत कधी द्यायचे?" मला उत्तर सुचले नव्हते.

बाई म्हणाल्या, "अहो, उसने कुठे घेतो? आपलीच जुडी सोडतो." त्यांनी अंगणातल्या काटक्या गोळा केल्या. दहा-दहाच्या चार जुड्या बांधल्या, दोन काटक्या सुट्या ठेवल्या. सात द्यायच्या म्हणून एक जुडी सोडली; सुट्या बारा झाल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन जुड्यांतली एक दिली. दोन जुड्या, पाच काटक्या. पंचवीस! दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या त्याच मुलाने फळ्याशी येऊन इतरांना हे समजावले.

शिक्षकाला शिकण्याचा कंटाळा असतो, हे मला पटत नाही. 1989 साली स्थापन झालेल्या, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बी.एड. केलेले कितीतरी जण आहेत. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाचे सांगितले, तेही त्याच्या स्वतःच्या आवडीनुसार. ती आवड विचारतो कोण? विषय वरून येतो आणि हजेरीपत्रकावर सही झाली की तास भरले.

माझे मागणे साधे आहे. आकडेवारी फोनवर घ्या. सभेची सुरुवात कुणाच्या तरी वर्गात अडलेल्या प्रश्नाने करा. ज्याला तो सुटला त्याने उठून दाखवावे, साहेबांनीही बसून ऐकावे. आणि द्विशिक्षकी शाळेतला माणूस सभेला येणार असेल, तर त्या दिवसापुरता मोठ्या शाळेतला एक शिक्षक तिकडे पाठवावा. एक दिवस निभते.