समोर कोण बसलंय, ते आधी बघा

शाळेत वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर सहसा चुकायचा नाही. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हणून सुरुवात केली की सात मिनिटं गाडी थांबायची नाही. म्हणूनच काही वर्षांपूर्वी भालकी तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेसाठी पालकांची बैठक ठरली, तेव्हा बोलायला मलाच उभं केलं.

मी १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरू झालो. हैदराबाद राज्य मोडलं, जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि आपण म्हैसूर राज्यात राहिलो. मग महाजन आयोग, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, ८६५ गावं. आवाज चढला, मूठ वळली, टाळ्याही पडल्या. खाली उतरलो तर मांडीवर लेकरू घेऊन बसलेली एक मावशी म्हणाली, "लई चांगलं बोललास बाबा. पण माझ्या लेकराला औंदा मास्तर मिळतो का नाही, तेवढं सांग की."

मला काही सांगता आलं नाही. चाळीस मिनिटांच्या भाषणात मास्तराचा विषयच आला नव्हता.

त्या रात्री मला कळलं की मी आयुष्यभर परीक्षकासाठी बोलत आलो होतो. परीक्षक उच्चार बघतो, हावभाव बघतो, पाठांतर बघतो आणि गुण देतो. बैठकीतला माणूस तुरीची रास अर्धी सोडून आलेला असतो. त्याला गुण द्यायचे नसतात, काहीतरी घेऊन घरी जायचं असतं. आपल्या बऱ्याच सभा इथेच फसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. इतिहास खरा असतो, तळमळ खरी असते, पण ऐकणारा रिकाम्या हाताने परत जातो.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या गावच्या ग्रामसभेत मराठी माणूस एकटा नसतो. शेजारी कानडी असतो, घरात उर्दू बोलणारा असतो, तांड्यावरून आलेला लमाणी असतो. त्यांच्या लेकरांच्या शाळेलाही मास्तर कमीच असतात. मी दोन वाक्यं कानडीत बोललो की मागची ओळ मान वर करते. काही मित्र म्हणतात, "म्हणजे तू नमतं घेतलंस." मला ते पटत नाही. आळंद तालुक्यातलं कडगंची आठवा. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर तिथल्या सायंदेवांच्या वंशातले. घरची भाषा कानडी. मराठी आपल्याला नीट येत नाही, असं ते ग्रंथात स्वतःच सांगून टाकतात. तरी ओव्या मराठीत लिहिल्या आणि मधे कानडी पदंही ठेवली. आज पुण्यात पारायणाला बसलेला माणूससुद्धा ती कानडी पदं म्हणतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची पदं मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदीतही आहेत. त्यांचं कुणी काही कमी झालं म्हणत नाही.

हक्क मात्र सोडायचा नाही. साहेबांसमोर कानडीत बोला, पण अर्ज मराठीत द्या. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. कलम ३५० क सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी सोय करण्याचा प्रयत्न करायचा आहे. साहेबांकडे वेळ थोडा असतो. तिथे १९५६ नको. शाळेत किती मुलं, किती वर्ग, किती मास्तर आणि आम्हाला कधीपर्यंत काय पाहिजे, एवढंच दोन मिनिटांत सांगा.

आता मी बोलायला उभं राहण्याआधी तीन गोष्टी करतो. अर्धा तास आधी जाऊन पारावर बसतो आणि लोक काय बोलायलेत ते ऐकतो. भाषणातून एकच काम ठरवतो, सही, अर्ज किंवा पुढची तारीख. आणि घरी आईला म्हणून दाखवतो. ती शाळेत गेलेली नाही. मधेच शेंगा फोडायला लागली की तो भाग काढून टाकतो.

त्या गावात मी पुन्हा गेलो. माईक घेतला नाही, सतरंजीवर बसूनच बोललो. दहा मिनिटांत पटावरची मुलं मोजली, अर्ज वाचून दाखवला आणि सह्यांचा कागद फिरवला. यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. त्या मावशीने अंगठा लावला आणि विचारलं, "साहेबाकडं कधी जायचं?" सोमवारी आम्ही अकराजण गेलो. मास्तर अजून आलेला नाही, पण अर्जावर पोच घेतली आहे आणि पुढच्या सोमवारी विचारायला जाणारे आता अकराहून जास्त आहेत.

तुमच्या गावात पुढची ग्रामसभा असेल, तेव्हा आपल्या पोरांना भाषण पाठ करायला लावू नका. आधी त्यांना मागच्या ओळीत बसवा.