भाकरीबरोबर चहा नको

माण-खटाव अथवा जत-आटपाडीच्या माळरानावर पिकणाऱ्या बाजरीत लोह नाही, असे कोणासही म्हणता येणार नाही. तांदूळ, गहू व ज्वारी यांहून तिच्यात ते अधिकच असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जंत, लागोपाठची बाळंतपणे, मुळातच अपुरे अन्न अशी त्याची कारणे अनेक आहेत. परंतु एक कारण ताटातच असते व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

सकाळी भांगलणीस निघणारी मजूर स्त्री रात्रीची शिळी भाकरी चहात कुस्करून खाते व कामास लागते. बाजरीच्या कोंड्यातील फायटिक आम्ल आधीच लोहास बांधून ठेवते. त्यात चहातील टॅनिनची भर पडते. अशा रीतीने जखडलेले लोह आतड्यात शोषले न जाता तसेच बाहेर पडते. पोट भरते, रक्तास मात्र फारसे काही मिळत नाही.

यावर 'चहा सोडा' असा उपदेश करणे व्यर्थ होय. थंडीच्या सकाळी तोच तिचा आधार असतो. चहा सोडावयाचा नसून जेवणापासून दूर करावयाचा आहे. दोहोंत तासा-दीड तासाचे अंतर राहिले, तरी ही हानी पुष्कळ कमी होते. भाकरीसोबत मोड आलेल्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ असावी, कारण मोड येताना फायटिक आम्ल घटते. तीवर लिंबू पिळावे. लिंबातील क-जीवनसत्त्व लोह शोषण्यास मोठे साहाय्य करते. मात्र ते उकळत्या भांड्यात नव्हे, तर पानात वाढल्यावर पिळावे. पाककृतींच्या प्रात्यक्षिकांतही ही चूक होते. उन्हाळ्यात लिंबू महाग झाले, तर आवळा, पेरू किंवा कच्ची हिरवी मिरचीही चालेल.

२०१४ साली प्रसृत झालेल्या 'धनशक्ती' बाजरीत किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. तिचा प्रसार अवश्य व्हावा. परंतु बियाण्याची पिशवी देऊन कार्यकर्त्याचे काम संपते, हा समज चुकीचा आहे. ती बाजरी चहात बुडवूनच खाल्ली जाणार असेल, तर पैदासकारांच्या श्रमांचा मोठा भाग वाया जाईल. बियाण्याबरोबर लिंबाचे एक रोप द्यावे व ते न्हाणीच्या सांडपाण्यावर लावावयास सांगावे. याची बोलणी चावडीवर पुरुषांशी करून भागणार नाही. अंगणवाडी सेविकेस सोबत घेऊन ती चुलीपाशी करावी लागतील.

त्याच वेळी आणखी एक चौकशी करावी. उपकेंद्रातून मिळालेली लोहाची गोळी अनेक घरी चहाच्या घोटाबरोबर गिळली जाते. ती पाण्याबरोबर घ्यावयाची असते.