बाहुलीचा पदर कोणत्या खांद्यावर?

यंदाच्या स्नेहसंमेलनात माझा एक मिनिटाचा बाहुलीपट दाखवला गेला. लेगोची एक बाहुली नऊवारी नेसून, डोक्यावर घागर घेऊन विहिरीवरून घरी येते, एवढेच त्याचे कथानक. टाळ्या पडल्या. पण नंतर चहाच्या टेबलाशी एकाने विचारले, "कपड्यांचे एवढे डेकल हाताने कशाला केलेस? तयार मिळतात की!" दुसरा म्हणाला, "हल्ली संगणकाला सांगितले की तो नुसत्या शब्दांवरून हलते चित्र करून देतो." दोघेही माझे मित्र आहेत आणि दोघांचेही मला पटलेले नाही. म्हणून हा लेख.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बाहुली किंचित हलवायची आणि एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची, पुन्हा घ्यायचे. सेकंदाला १२ चित्रे धरली तर मिनिटाला ७२० होतात. ही विद्या आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली 'अंकुराची वाढ' हा लघुपट ठरावीक वेळाने एकेक चित्र घेऊन केला होता आणि १९१५ साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये चक्क काड्या नाचवल्या होत्या. काड्यांना कपडे लागत नाहीत, हे त्यांचे भाग्य!

बाहुलीला मात्र लागतात. लेगोची ही चार सेंटिमीटरची बाहुली १९७८ साली आली. रंग पिवळा, म्हणजे कोणत्याच वंशाचा नव्हे, आणि चेहऱ्यावर दोन ठिपके व एक हसू. जवळजवळ दहा वर्षे सगळ्यांना तोच चेहरा होता. १९८९ साली चाचे आले तेव्हा कुठे दाढ्या, मिशा आणि डोळ्यांवरच्या पट्ट्या दिसू लागल्या. अंतराळवीर, सरदार, पोलीस तर पहिल्यापासूनच होते. पण डोक्यावर पदर घेतलेली बाई काही माझ्या पेटीत निघाली नाही. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळेही एकाच साच्यातून निघतात, पण निदान ते मावळे तरी असतात. शिवाय एखाद्याची मिशी आपण काडीने जाड करतो आणि मग तो आपला होतो. डेकल म्हणजे ती काडीची मिशीच, फक्त कागदावर छापलेली.

कृती ऐकायला सोपी आहे. विशिष्ट कागदावर चित्र छापायचे, शाईच्या फवाऱ्याचे छपाईयंत्र असेल तर वरून वॉर्निशचे हलके थर द्यायचे, नाहीतर पाण्यात शाई पसरते. मग कापून कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवायचे. कागदावरचा गोंद सुटतो आणि चित्राची पातळ कातडी बोटाने सरकवून बाहुलीच्या छातीवर बसवता येते. अडचणी नंतर कळतात. घरच्या छपाईयंत्रात पांढरी शाई नसते, त्यामुळे पारदर्शक कागदावर पांढरा सदरा छापला तर तो मुळी दिसतच नाही. बाहुलीच पांढरी घ्यावी लागते. वॉर्निश चकचकीत असले तर दिव्याची तिरीप प्रत्येक चित्रात वेगळी पडते आणि पडद्यावर छाती लुकलुकते. मूळची छपाई पुसायला मी बहिणीचे नखांचे रंग काढायचे द्रावण वापरले, तर त्यातल्या अॅसिटोनने बाहुलीच विरघळू लागली. ती अजून माझ्या टेबलावर आहे, देवी आल्यासारखा चेहरा घेऊन.

पण खरी मौज नऊवारीची. कारखान्याला बाहुलीस झगा द्यायचा असतो तेव्हा पुष्कळदा पायांच्या जागी उतरता ठोकळा लावतात. झगा होतो, पण ती बाई चालू शकत नाही. नऊवारीला कासोटा असतो, दोन्ही पाय मोकळे राहतात. छातीवर पदर, मांड्यांवर निऱ्या, पाठीमागे कासोटा असे वेगवेगळे तुकडे चिकटवले की बाहुली नऊवारी नेसून खुशाल चालते. शेतात ओणवे राहून राबणाऱ्या बायकांनी ठरवलेले हे नेसणे प्लॅस्टिकच्या पायांनाही सोयीचे निघाले, याचा मला फार आनंद झाला. तयार डेकल विकत घेतले असते तर हे मला कधी कळले नसते.

आता चूक सांगतो. चित्रपट आधी आजीला दाखवला होता. बाहुली तिचीच होती, काठही तिच्या पातळाचा. तिने चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाली, "मेल्या, माझा पदर उजव्या खांद्यावर कधी रे पाहिलास?" समोरून चित्र काढताना बाहुलीचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो, हे मी विसरलो होतो. ७२० चित्रे फुकट! महिनाभर पुन्हा बसलो. महाविद्यालयात ती चूक कोणाच्याच लक्षात आली नसती, हे मला माहीत होते. संगणकाने काढलेली बाईही बहुधा नीटनेटकी आणि सुंदर असेल, पण तिचा पदर चुकला तर रागावणारे कोण आहे? ज्या चित्राला माणूस ओळखून रागावतो त्याच्यासाठी महिनाभर बसणे मला जड गेले नाही. मित्रांच्या प्रश्नाला माझे हेच उत्तर आहे.

तयार वस्तूंशी माझे भांडण नाही. पोलीस हवा असेल तर मीही तयारच घेतो. वेळ जातो हेही खरे, आणि परीक्षेच्या तोंडावर असले उद्योग करू नयेत, हे वडिलांचे म्हणणे मला मान्य आहे. पण ज्याचे कपडे कोणत्याच कारखान्याने छापलेले नाहीत अशा माणसाची गोष्ट सांगायची असेल, तर कात्री आपणच हातात घ्यावी लागते.

दुसऱ्या वेळचा चित्रपट आजीने पुन्हा पाहिला. पदर बरोबर होता, काठ बरोबर होता. ती म्हणाली, "नेसलीय नीट. पण घागर रिकामी आहे हिची." बाहुलीचे पाय कमरेतून पुढेमागे होतात, गुडघ्यात वाकत नाहीत, मान खचत नाही, भरल्या घागरीचे ओझे तिला दाखवताच येत नाही. त्याला डेकलचा काही उपाय नाही. सध्या मी त्याच विचारात आहे.