भाला खोलीत फेकता येत नाही



चातुर्मासातले नियम, डाळीचे पापड आणि सुनांची गाऱ्हाणी यांवर लिहिणारी मी आज भालाफेकीवर लिहिते आहे म्हटल्यावर काहीजणी हसतील. हसा, पण पुढे वाचा, कारण विषय मैदानावर सुरू होऊन आपल्या आतल्या खोलीपर्यंत येणार आहे.

भाला म्हटलं की आता लहान मुलंसुद्धा नीरज चोप्राचं नाव घेतात. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत त्याने ८८.१७ मीटर भाला फेकून सोनं आणलं. त्याचं कौतुक आहेच. पण आपल्या एका मराठी माणसाने परदेशातल्या स्पर्धेतून भाल्याचं पदक याच्या कितीतरी आधी, १९७० साली आणलं होतं. आणि तेही बसून.

मुरलीकांत पेटकर हे त्यांचं नाव. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, सैन्यातले जवान, मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्याशी रुतून बसली आणि कमरेखालचं अंग गेलं. पाच वर्षांनी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे अपंगांच्या राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथे त्यांनी पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवलं. दोन वर्षांनी जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. त्या स्पर्धेतही ते भालाफेकीत उतरले होते. साध्या भालाफेकीत, आणि जमिनीवर आखलेल्या लक्ष्यावर नेम धरून भाला टाकायची एक स्पर्धा तेव्हा असायची, तिच्यातही.

२०२४ मध्ये त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' आला तेव्हा बऱ्याच जणींनी पाहिला असेल. पोहणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्या डोक्यात मात्र ते भाल्याचं रौप्य बसलं आहे, कारण बसून भाला फेकणं म्हणजे काय याचा मी जरा विचार केला. उभा खेळाडू लांबून पळत येतो आणि त्या पळण्याचा सगळा वेग शेवटच्या पावलाला भाल्यात उतरवतो. बसलेल्याकडे ते पळणं नाही. हल्ली त्याची बैठक जमिनीला पट्ट्यांनी घट्ट आवळतात, त्यालाही बैठकीला बांधतात, आणि पुरुषांना ८०० ग्रॅमऐवजी ६०० ग्रॅमचा भाला देतात. बाकी जे काढायचं ते पाठ, खांदा आणि दंडातून. ज्या आजींनी जात्यावर पायली-पायली दळलं आहे त्यांना विचारा, बसलेल्या माणसात किती जोर असतो ते.

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. हायडेलबर्गनंतर ४६ वर्षांनी. अर्जुन पुरस्कार त्याहून उशिरा, २०२५ च्या जानेवारीत. सरकारने उशीर केला असं आपण चटकन म्हणतो. म्हणावंच. पण आपण आपल्या घरात काय करतो?

युद्धात जखमी झालेल्या जवानाला कोणी लपवत नाही. जन्मतःच पाय आखडलेला, बोलणं अडखळणारा, मान स्थिर न राहणारा मुलगा घरात असला की मात्र चित्र बदलतं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका घरी मी मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला गेले होते. गाव सांगत नाही. पोहे आले, चहा आला, नाव-शिक्षण विचारून झालं. मध्येच आतून कोणाचातरी मोठा, आनंदाचा ओरडा ऐकू आला. सगळे थबकले. यजमानीण बाई म्हणाल्या, "शेजारचा आहे हो." हात धुवायला आत गेले तर एका खोलीला बाहेरून कडी होती आणि आत क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. कोणीतरी चौकार मारला असावा. बायोडाट्यात भावाचा उल्लेख नव्हता. पुढे लग्न दुसरीकडे जमलं, त्यातल्या एकाही फोटोत तो मुलगा नाही.

त्या बाईला दुष्ट म्हणायला माझी जीभ वळत नाही. तिला भीती होती आणि ती खोटी नव्हती. भाऊ 'असा' आहे कळल्यावर स्थळं फिरतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. परिचय मेळाव्यात 'घराण्यात काही आहे का' हा प्रश्न दबक्या आवाजात विचारणाऱ्याही आपणच असतो. कडी तिने लावली, पण लावायला लावणाऱ्या पुष्कळ होत्या.

त्यावर आणखी एक वाक्य आपल्यात फार सहज निघतं: "पूर्वकर्माचा उदय, दुसरं काय." मला या वाक्याचा राग येतो, आणि मी कर्मसिद्धांत मानते म्हणूनच येतो. आपल्या वाट्याला दुःख आलं की दुसऱ्यावर न चिडता ते सोसावं, पुढचं कर्म नीट करावं, यासाठी तो शिकवला. शेजारणीच्या मुलाकडे पाहून निकाल द्यायला कोणी शिकवला? त्या मुलाच्या मागच्या जन्माचा हिशेब आपल्याकडे नाही. त्याला बघून मान फिरवली, तर ते कर्म कोण बांधतं, एवढं मात्र पाठशाळेतली मुलगीसुद्धा सांगेल. समवसरणाचं चित्र आपल्या प्रत्येकीच्या घरी आहे. तिथे सिंह आणि हरीण शेजारी बसतात. आपल्या हॉलमध्ये सख्ख्या भावाला जागा नाही.

राजस्थानात चुरू जिल्ह्यात एका मुलाला आठव्या वर्षी झाडावर चढताना विजेच्या तारेचा धक्का बसला आणि डावा हात कापावा लागला. मुलगा घराबाहेर पडेना. त्याच्या आईने त्याला घरात बसू दिलं नाही, खेळायला बाहेर पाठवलं. शेतकऱ्याचं घर, भाला विकत आणायची ऐपत नव्हती, त्याने स्वतःच लाकडाचा भाला केला. तो देवेंद्र झाझडिया. २००४ ला अथेन्समध्ये ६२.१५ मीटर, सुवर्ण आणि विश्वविक्रम. नंतरच्या दोन पॅरालिम्पिकमध्ये त्याच्या गटाची भालाफेकच नव्हती. बारा वर्षं थांबून २०१६ ला रिओत ६३.९७ मीटर, पुन्हा सुवर्ण, पुन्हा विश्वविक्रम. या सगळ्या आकड्यांच्या आधी एका बाईने दार उघडलेलं आहे, आणि त्या दिवशी तिला यातला एकही आकडा माहीत नव्हता.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अपंग खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धा पहिल्यांदा आपल्या देशात, दिल्लीत झाली. कृत्रिम पायावर पळत येणाऱ्या सुमित अंतिलने ७१.३७ मीटर भाला फेकला. एका हाताच्या खेळाडूंच्या गटात रिंकू हुडा पहिला आणि सुंदरसिंग गुर्जर दुसरा, दोघेही भारतीय. रिंकूचा हात लहानपणी शेतातल्या यंत्रात गेला होता. आपल्याकडे हळद-सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्राजवळ काय होतं ते हिंगोलीकरांना वेगळं सांगायला नको.

आता एक सावधगिरी. हे वाचून कोणी मुलाला चॅम्पियन करायला निघू नका. बहुतेक मुलं पदक आणणार नाहीत, आपली धडधाकट मुलं तरी कुठे आणतात? त्याने मंदिरात यावं, लग्नात जेवावं, चौकार बसला की सगळ्यांसमोर ओरडावं. यासाठी कसलंही पदक लागत नाही.

एक कागद मात्र लागतो, आणि इथे मी जरा खडसावून बोलणार आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र. आपल्या कित्येक घरांनी ते काढलेलंच नाही, कारण 'कागदावर आलं की गावभर होतं'. २०१६ च्या कायद्यात आता २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे, थॅलेसेमिया आणि कमी दिसणंसुद्धा. ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो. अपंगांच्या स्पर्धेत कोणी कोणत्या गटात खेळायचं तेही तपासणीशिवाय ठरत नाही. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. बहिणीचं लग्न होईपर्यंत थांबू म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की तोवर मुलाची शाळेची वर्षं निघून गेलेली असतात. आणि भाऊ दिसल्यावर मोडणारं स्थळ लग्नाआधी मोडलं तर बरं की नंतर, हे मुलीलाच विचारा. मुली आपल्यापेक्षा स्पष्ट बोलतात.

दशलक्षण पर्वात आमचं महिला मंडळ संध्याकाळी स्पर्धा घेतं. रांगोळी, अंताक्षरी, संगीत खुर्ची, एक मिनिटाचे खेळ. या वर्षी त्यात बसून चेंडू फेकण्याची एक स्पर्धा ठेवावी, सगळ्यांनीच खुर्चीत बसून फेकायचं, आजींनीही आणि मुलांनीही, असं मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं आहे. तीन जणींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकीने रात्री उशिरा वेगळा फोन केला आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, चाकाची खुर्ची सभागृहाच्या दारातून आत येईल ना?" दार किती रुंद आहे, ते मी उद्या मोजून येणार आहे.