मालक आडवा पडला की शटर खाली!

छोट्या धंद्यात मालक आजारी पडला की शटर खाली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, रविवारी सकाळी सायकल काढाच! पण नवी महागडी सायकल घेऊन पहिल्याच रविवारी तुळजापूर गाठायला जाऊ नका. सोलापुरातून जाऊन-येऊन साधारण ९० किलोमीटर होतात. गुडघे धरले की सायकल पार्किंगमध्ये धूळ खाते. गिऱ्हाईक नसताना दुकानात फर्निचर करण्यासारखंच आहे हे. घरातली जुनी सायकल दुरुस्त करा, आधी हिप्परगा तलावापर्यंत जाऊन या. अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवा. मधल्या दिवसांतही दोनदा अर्धा-अर्धा तास चालवा. आपलं ऊन माहीत आहे ना? उजाडताच निघा, पाणी सोबत घ्या. तुळजापूर कुठं पळून जात नाही. धंदाही असाच वाढतो. मग, येत्या रविवारी निघताय ना?